मिलिमीटरच्या दशांशात मधुमेह

उताणं झोपायचं, उशी मानेखाली सरकवायची, हनुवटी वर करून तोंड भिंतीकडे वळवायचं. कंठमण्याच्या बाजूला थंडगार जेल पडतं आणि सोनोग्राफीचं प्रोब कानाच्या दिशेनं हळूहळू सरकू लागतं. पडद्यावर एक काळा आडवा पट्टा दिसतो. हे मानेतल्या कॅरोटिड धमनीतलं वाहतं रक्त. पट्ट्याच्या खालच्या काठाशी नीट पाहिलं तर दोन पांढऱ्या रेषा समांतर जाताना दिसतात, मध्ये केसभर काळी फट. डॉक्टर चित्र गोठवतात, वरच्या रेषेच्या काठावर एक खूण करतात, खालच्या रेषेच्या काठावर दुसरी, आणि कोपऱ्यात आकडा उमटतो. समजा, ०.८ मिमी. रिपोर्टात त्याच्यापुढे 'आयएमटी' असं लिहून येतं.

सुई नाही, एक्स-रे नाही, उपाशी राहायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. त्यामुळे हेल्थ चेकअपच्या पॅकेजांत ही तपासणी सहज शिरली आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांना ती अनेकदा सुचवली जाते. या आकड्यानं मधुमेह आणि हृदयविकार यांच्या नात्याविषयी वैद्यकाला फार मोलाचं शिकवलं, यात शंका नाही. पण टेबलापलीकडे बसलेल्या एका पेशंटला तो काय सांगतो, हा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मते त्याचं उत्तर 'फारसं काही नाही' असं आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजून घेण्यासाठी आधी धमनीच्या भिंतीत डोकवावं लागेल.

धमनीला तीन थर असतात. सर्वांत आतला इंटिमा. त्याच्या रक्ताकडच्या बाजूला एंडोथेलियम नावाचं, एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर. मधला थर मीडिया, म्हणजे स्नायूपेशी आणि लवचीक तंतू. बाहेरचा ॲडव्हेंटिशिया, भिंतीला आजूबाजूच्या ऊतींशी बांधून ठेवणारा. इटलीत मिलानमध्ये पाओलो पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या धमन्या अल्ट्रासाउंडखाली धरल्या, त्याच धमन्यांची जाडी सूक्ष्मदर्शकाखालीही मोजली आणि पडद्यावरच्या त्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे इंटिमा आणि मीडिया यांची एकत्रित जाडी, म्हणजेच रिपोर्टातली आयएमटी, हे १९८६ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात दाखवून दिलं. तोवर जिवंत माणसाच्या धमनीची भिंत मोजायची तर ती कापूनच पाहावी लागे. आता ती त्वचेवरून मोजता येऊ लागली, तीही निरोगी माणसाची, हव्या तितक्या वेळा. विशी-पंचविशीत ही जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि वयाबरोबर वर्षाला साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढत जाते. ०.९ मिमीच्या वर गेली की रिपोर्टात 'वाढलेली' असा शेरा पडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे आणि डॉक्टरही समजावताना त्याचाच आधार घेतात. नळाच्या पाइपात क्षार साचून पाइप अरुंद होतो, तसं रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल साचतं, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात कोलेस्टेरॉल नळीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचतं. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण एंडोथेलियम ओलांडून इंटिमात शिरतात, तिथे अडकतात, त्यांच्यावर रासायनिक बदल होतात. त्यांना गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात, चरबीनं टम्म फुगतात आणि तिथेच मरतात. मधल्या थरातल्या स्नायूपेशी वर सरकून इंटिमात येतात आणि त्या सगळ्या राड्याभोवती तंतूंचं आवरण विणतात. हाच प्लाक.

भिंत अशी जाड होत असताना धमनी मुकाट्यानं बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळीच ठेवते. शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ सेमूर ग्लागोव यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांचे काप तपासून हे दाखवलं. धमनीच्या आडव्या छेदातला सुमारे चाळीस टक्के भाग प्लाकनं व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी आक्रसत नाही. म्हणजे ट्रेडमिलवर धावताना काही त्रास होत नाही, अँजिओग्राफीत वाट मोकळी दिसते, आणि भिंतीत मात्र वीस वर्षांचा आजार बसलेला असतो. पुढे असा एखादा प्लाक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काल संध्याकाळी फिरायला गेलेला माणूस आज आयसीयूत असतो. वाट किती अरुंद झाली हे पाहण्याऐवजी भिंत किती जाड झाली हे मोजावं, ही कल्पना म्हणूनच संशोधकांना इतकी भावली.

आता यात मधुमेहाचं काय? सर्वसाधारण समज असा, की शुगर वाढते आणि साखर रक्तवाहिन्या खराब करते. डोळ्यांच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. मोठ्या धमन्यांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. टाइप २ मधुमेहात मुळात शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. निरोगी माणसात इन्शुलिन एंडोथेलियमला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं, त्यानं धमनी सैलावते आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. दाद मिळेनाशी झाली की हे संरक्षण घटतं. तिकडे यकृत ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण जास्त प्रमाणात रक्तात सोडतं, एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे कण आकारानं लहान, घट्ट आणि संख्येनं जास्त होतात. रिपोर्टातला एलडीएलचा आकडा वरकरणी ठीक दिसला तरी भिंतीत शिरणारे कण जास्तच असतात. या सगळ्यावर मग वाढलेली साखर आपला हात फिरवते. ती भिंतीतल्या कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते, तंतू एकमेकांना जोडले जातात आणि भिंत ताठर होते. जोडीला बहुधा बीपी असतंच.

याचा परिणाम मिलिमीटरमध्ये किती? २००६ साली स्वीडनच्या संशोधकांनी तोवरचे २३ अभ्यास एकत्र करून पाहिले. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या कॅरोटिडची भिंत इतरांपेक्षा सरासरी ०.१३ मिमी जाड निघाली. ऐकायला नगण्य वाटतं, पण वर्षाला शंभरावा भाग या वेगानं हिशेब केला तर मधुमेहीची धमनी तिच्या मालकापेक्षा दहा वर्षांहून जास्त म्हातारी ठरते. आपल्याकडे चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं शहरातल्या वस्त्यांमध्ये अशीच मोजणी केली आणि २००० साली प्रसिद्ध केली. मधुमेहींची सरासरी ०.९५ मिमी, इतरांची ०.७४.

स्वीडिश अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही, पण ग्लुकोज पाजल्यावर शुगर हवी तितकी खाली येत नाही, त्यांचीही भिंत ०.०४ मिमी जाड होती. म्हणजे निदानाच्या आधीच सुरुवात झालेली. अमेरिकेत सॅन अँटोनियोमध्ये स्टीव्हन हॅफनर यांनी १९९० मध्ये हेच वेगळ्या वाटेनं दाखवलं होतं. ज्या लोकांना पुढच्या आठ वर्षांत मधुमेह झाला, त्यांचं बीपी, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल आठ वर्षांपूर्वीच, शुगर मधुमेहाच्या रेषेखाली असतानाच, बिघडलेलं होतं. मधुमेहाचं निदान झालं तो दिवस डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारांसाठी आरंभाचा मानला तरी हृदयासाठी तो बराच उशिराचा असतो. 'शुगर नुकतीच निघालीय, अजून काही झालेलं नाही' हे वाक्य घराघरात ऐकू येतं. धमनीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खोटं असतं.

हॅफनर यांचंच आणखी एक काम गाजलं. फिनलंडमधल्या लोकांचा सात वर्षं मागोवा घेतल्यावर, आधी हार्ट अटॅक न आलेल्या मधुमेहींपैकी २०.२ टक्के लोकांना अटॅक आला. एकदा अटॅक येऊन गेलेल्या, पण मधुमेह नसलेल्या लोकांत हे प्रमाण १८.८ टक्के होतं. १९९८ मध्ये हे छापून आलं आणि मधुमेह म्हणजे हृदयविकारच, असं समीकरण जगभर रूढ झालं. पुढे मोठ्या अभ्यासांनी ते सैल केलं. नव्यानं मधुमेह झालेल्या चाळिशीतल्या माणसाचा धोका अटॅक येऊन गेलेल्याइतका नसतो. दहा-बारा वर्षं मधुमेह मुरलेल्याचा मात्र त्याच्या जवळ जातो.

मराठी वाचकाला या सगळ्याकडे परदेशातली गोष्ट म्हणून पाहता येणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, आणि राज्यांच्या यादीत सर्वांत वर होतं गोवा, २६.४ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर स्वतःचंच उदाहरण २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये फोटोसकट मांडलं. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात इन्शुलिनला दाद न देण्याची तयारी अशी लपून बसते. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि जगातल्या इतरांना जवळजवळ ५९ व्या, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानं सांगितलं. तेव्हा 'मी कुठे जाड आहे?' या युक्तिवादाला आपल्याकडे फारसा अर्थ उरत नाही.

मग भिंतीची जाडी मोजून कोणाला अटॅक येणार हे ओळखता येईल का? हजारो लोकांची सरासरी घेतली तर हो. २००७ मध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा जाडीत दर ०.१ मिमी वाढीमागे हार्ट अटॅकचा धोका १० ते १५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा १३ ते १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे वाचून अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली मध्यम धोक्याच्या लोकांसाठी ही तपासणी करायला हरकत नाही असं म्हटलं. तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच संघटनांनी नेहमीच्या वापरासाठी तिची शिफारस करत नाही असं लिहिलं.

मधल्या काळात काय झालं? पहिली अडचण भौतिकशास्त्राची. शरीराच्या मऊ ऊतींतून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. मानेसाठी वापरतात त्या प्रोबची वारंवारता १० मेगाहर्ट्झ धरली तर लहरीची लांबी ०.१५ मिमी भरते. मधुमेही आणि बिगरमधुमेही यांच्यातला तो बहुचर्चित ०.१३ मिमीचा फरक या एका लहरीपेक्षाही कमी, आणि वर्षभरातली वाढ तर तिच्या पंधराव्या हिश्शाइतकी. संशोधनात यावर तोड काढतात: धमनी दोन फांद्यांत फुटते त्याच्या खालचा सेंटीमीटरभर सरळ भाग घ्यायचा, संगणकाकडून शेकडो ठिकाणी अंतर मोजून घ्यायचं, हृदयाच्या ठोक्याचा एक ठरावीक क्षण पकडायचा, आणि मग हजारो लोकांची सरासरी काढायची. चेकअपच्या गर्दीत प्रोब जरा तिरकं धरलं गेलं, खूण जरा वर पडली, की एवढा फरक सहज येतो. गेल्या वर्षी ०.८ होतं, यंदा ०.८५ आलं म्हणून झोप उडवून घेण्यात काही अर्थ नाही, आणि ०.७५ आलं म्हणून पेढे वाटण्यातही.

दुसरी अडचण अशी की अल्ट्रासाउंडला इंटिमा आणि मीडिया वेगळे दिसत नाहीत. बीपीमुळे मधल्या थराचे स्नायू जाड होतात तेही त्या आकड्यात येतं, वयामुळे होणारी वाढही येते, आणि चरबीचा खरा आजारही. पण पारडं फिरवलं ते तिसऱ्या अडचणीनं. २०१२ मध्ये ४५ हजारांवर लोकांच्या माहितीतून असं दिसलं, की वय, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह या जुन्याच गोष्टींवरून काढलेल्या धोक्याच्या अंदाजात आयएमटीची भर घातली तरी अंदाज जेमतेम सुधारतो. याच सुमाराला आणखी एका मोठ्या संकलनात दिसलं, की एखाद्याची जाडी काही वर्षांत किती वाढली यावरून त्याचा पुढचा धोका कळत नाही. २०१५ मध्ये खास मधुमेहींचं, सुमारे ३,९०० जणांचं विश्लेषण झालं. निष्कर्ष तोच. जाडी जास्त असणाऱ्यांना धोका जास्त, पण वाढीचा वेग काही सांगत नाही.

औषधांच्या चाचण्यांत तर या आकड्यानं चांगलाच चकवा दिला. इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं औषध. २००८ च्या एन्हान्स चाचणीत आनुवंशिक कारणानं कोलेस्टेरॉल वाढलेल्या ७२० लोकांपैकी अर्ध्यांना ते स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला दिलं. एलडीएल उतरलं, पण दोन वर्षांनी भिंतीच्या जाडीत काडीचा फरक नाही. मोठा गदारोळ झाला, औषध निरुपयोगी असल्याचे लेख आले. पुढे १८ हजार हृदयरुग्णांवर झालेल्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत त्याच औषधानं अटॅक आणि पक्षाघात थोडे पण नक्की कमी केले, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो मधुमेहींना. उलटा प्रकार सँड्स चाचणीत. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी मधुमेहींत एलडीएल ७० च्या आणि वरचं बीपी ११५ च्या खाली आणायचं ठरवून उपचार केले, तर तीन वर्षांत भिंत चक्क पातळ झाली. अटॅकच्या संख्येत मात्र हा गट आणि नेहमीचे उपचार घेणारा गट यांत फरक पडला नाही. तीन वर्षं आणि पाचशे माणसं यासाठी अपुरी होती हे खरंच. शंभराहून जास्त चाचण्या एकत्र केल्यावर, २०२० मध्ये, जाडीची वाढ मंदावणाऱ्या उपायांनी अटॅकही कमी होतात असं पुन्हा दिसलं. त्यामुळे संशोधकांच्या हातात हे साधन अजून आहे, आणि असायलाही हवं.

मधुमेहीच्या बाबतीत आणखी एक व्यवहारी मुद्दा आहे. तपासणीचा उपयोग तेव्हा, जेव्हा तिच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलतं. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला बहुतेक मार्गदर्शक सूचनांनुसार स्टॅटिन द्यायचंच असतं, आयएमटी ०.६ असो की १.०. २००४ च्या कार्ड्स चाचणीत हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी अर्ध्यांना ॲटोर्व्हास्टॅटिनची रोज १० मिलिग्रॅमची साधी गोळी दिली. त्यांच्यात अटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या आणि चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवावी लागली. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात बीपी नीट ताब्यात ठेवलेल्या मधुमेहींत पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या साखरेच्या मागे हात धुऊन लागण्याचा अनुभव मात्र वाईट आहे: अकॉर्ड चाचणीत एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) सहाच्या खाली रेटायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग बंद करावा लागला. डेन्मार्कच्या स्टेनो-२ मध्ये शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, आहार, व्यायाम सगळ्यांकडे एकदम लक्ष दिलं. माणसं फक्त १६०, पण २१ वर्षांनी त्यातला काटेकोर उपचारांचा गट जवळजवळ आठ वर्षं जास्त जगला होता. यात कोणाच्याही मानेवर प्रोब ठेवून उपचार ठरवले नव्हते.

रिपोर्टात मात्र एक शब्द दिसला तर तिथे थांबावं: प्लाक. भिंत सगळीकडे सारखी जाड होणं आणि एका जागी, बहुधा धमनी जिथे दोन फांद्यांत फुटते त्या वळणावर, उंचवटा येणं यांत फरक आहे. तिथे रक्ताचा प्रवाह भोवंडतो, भिंतीवर घासत नाही, आणि एलडीएलला शिरकाव मिळतो. जाडी दीड मिलिमीटरच्या वर गेली किंवा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा दीडपट झाली की तज्ज्ञ त्याला प्लाक म्हणतात. दशांशातल्या आकड्यापेक्षा धोक्याचा तो अधिक भरवशाचा खुणेचा दगड, आणि तो दिसला तर उपचार आणखी कडक करायला सबळ कारण मिळतं. मधुमेहीला तर जास्तच, कारण मज्जातंतूंना इजा झाल्यानं अनेकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देतात.

तरीही या तपासणीचा एक उपयोग मला अगदी मनापासून पटला, आणि तो आकड्यात नाही. उत्तर स्वीडनमधल्या व्हेस्टरबॉटन भागात साडेतीन हजार लोकांची कॅरोटिड सोनोग्राफी केली गेली. अर्ध्या लोकांना आणि त्यांच्या डॉक्टरांना निकाल चित्रानं कळवला: तुमच्या धमनीचं वय किती, हे हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाच्या पट्टीवर, आणि प्लाक असेल तर लाल खूण. उरलेल्यांना चित्र दिलं नाही. वर्षभरानंतर चित्र पाहिलेल्या गटाचा धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी झाला होता. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, कोलेस्टेरॉलची औषधं जास्त घेतली जात होती. २०१९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. चित्र घरी पोचल्यावर दोन ते चार आठवड्यांत एक नर्स प्रत्येकाला फोन करून समजावून सांगे आणि शंका विचारून घेई, आणि सहा महिन्यांनी तेच चित्र पुन्हा पाठवलं जाई. आपल्याकडे पॅकेजचा रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो, आयएमटीचा आकडा सतराव्या पानावर असतो, आणि नंतर लॅबचा फोन येतो तो पुढच्या वर्षीच्या पॅकेजवर सवलत आहे हे सांगायला.